श्रावणातला राजगिरा

आमच्या ह्यांना पुस्तकांचं वेड होतं, आणि वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. कचेरीतून आले की टोपी खुंटीला आणि नाक पुस्तकात. त्या वर्षी कुठूनसं निसर्गोपचाराचं एक पातळसं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. माती, पाणी, ऊन, उपास यांनी माणूस बरा होतो आणि औषध म्हणून घशाखाली जाईल ते सगळं विष, असं त्यात छापलेलं. "मेलं ते पुस्तक एकदा बंबात घालते बघा," असं मी रोज म्हणायची. ते हसायचे आणि पान उलटायचे.

पण थट्टेचे दिवस फार टिकले नाहीत. आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. उन्हाळ्याच्या शेवटी तिला गोवर निघाला. गोवर मावळला, पण मागून जुलाब लागले ते महिनाभर थांबेनात. पोर नुसती काडी झाली. आषाढ सरता सरता माझ्या लक्षात आलं की दिवेलागणीला ती भिंतीला हात लावून चालते. वाढलेल्या ताटात पाय देते. मी दोनदा तिच्यावर खेकसले, "डोळे कुठे आहेत गं तुझे?" तिसऱ्या वेळी ती पायरीवरून खाली पडली आणि मी उचलायला धावले तर माझ्याकडे न बघता भलतीकडेच हात पसरून रडायला लागली. मग समजलं. खेकसले त्याचं अजूनही माझं मला वाईट वाटतं.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी मी देवापुढे संकल्पाचं पाणी सोडलं. आमच्यात चातुर्मास कडक. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही. सासूबाई कधीच्या गेल्या होत्या, पण जाताना चातुर्मास तेवढा माझ्या पदरात टाकून गेल्या होत्या. एरवी लेकराबाळांना त्यात सूट असते. मी ती सूटही काढून घेतली. माझ्या घरात महिनाभर कुणाच्याही ताटात भाजीचं पान पडणार नाही, पोरीच्यासुद्धा, पण तिचे डोळे बरे कर, असं मी देवाला सांगितलं. जेवढं कडक तेवढं पोचतं, अशी माझी समजूत.

ह्यांनी त्यांच्या बाजूनं आठवड्याची रजा टाकली. अक्कलकोट रस्त्याला त्यांच्या एका स्नेह्याचा मळा होता. विहीर होती, एक पत्र्याची खोली होती. आषाढात दर रविवारी जाऊन ह्यांनी तिथे चार वाफे केले होते. आठ दिवस तिथे राहायचं, साधं खायचं, पोरीला माती-पाण्याचे उपचार करायचे, असं त्यांनी ठरवलं. दवाखान्यात न्या म्हटलं तर म्हणाले, "डोळ्यांत काहीबाही जाळणारं घालतात, आहे तीही नजर जाईल." मलाही दवाखान्याची धास्तीच होती. रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या घराला कुलूप लावलं आणि एक वळकटी, दोन पातेली, जोंधळ्याचं पीठ आणि ते पुस्तक घेऊन आम्ही टांग्यात बसलो.

वाफे बघून मात्र मी थक्क झाले. राजगिरा गुडघ्यापर्यंत आलेला, लाल देठांचा. चुका, अंबाडी, मेथी, सगळं तरारून आलेलं. ज्या माणसाला घरात खिळा ठोकता येत नाही, त्यानं हे केलं होतं. दुपारी उपरण्यात राजगिऱ्याची भलीमोठी जुडी घेऊन ते दारात उभे राहिले. चेहऱ्यावर काय तो आनंद!

"हिला रोज हिरवा पाला द्यायचा. वाफवून. पुस्तकात मुद्दाम म्हटलंय."

"श्रावण आहे," मी म्हटलं.

"अगं, पण औषध म्हणून..."

"औषध विष असतं ना तुमच्या पुस्तकात? मग? अहो, पोरीच्या डोळ्यांसाठी पाणी सोडलंय मी. ते मोडून तिचं काही वाईट झालं तर तुमचं पुस्तक येणार आहे का निस्तरायला?"

त्यांनी जुडी भिंतीशी टेकवून ठेवली. भांडणात मी त्यांना कधी जिंकू दिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही.

त्यांचं दुसरं म्हणणं मात्र मी ऐकलं. दुधानं पोट पुन्हा बिघडतं, तूप जड, म्हणून दोन्ही बंद. राहिलं काय? भाकरी, मुगाचं पाणी, दुधी, काकडी. पोर दोन घास खायची आणि मान फिरवायची. सकाळी कोवळ्या उन्हात बसवायचं, मग घंगाळात कमरेइतक्या गार पाण्यात, मग पोटावर आणि डोळ्यांवर भिजवलेल्या काळ्या मातीची पट्टी. मातीची पट्टी डोळ्यांवर ठेवली की ती माझं मनगट घट्ट धरायची. "आई, काढ. आई, काढ ना." मी काढायची नाही. उपचार होता ना तो!

सोमवारी, मंगळवारी तिच्या डोळ्यांतलं पाणीच आटल्यासारखं झालं. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसायला लागले. रडायची, पण अश्रू येत नसत. मला रात्रंदिवस एकच ध्यास, की हिला दिसलं पाहिजे. मी तिच्यासमोर बोटं धरायची. "किती गं?" ती माझ्या आवाजाकडे बघून सांगायची, "दोन." चार असायची.

भाजी इकडे निबर व्हायला लागली होती. टाकवत नाही म्हणून ह्यांनी निबर झालेली तेवढी कापून ढीग केला. बुधवारी पलीकडच्या पडीक रानात धनगरांचा तळ होता, तिथली एक बाई शेरडं घेऊन विहिरीवर पाण्याला आली. मी सगळा ढीग उचलून तिच्या शेरडांपुढे टाकला. शेरडं तुटून पडली. बाई पोरीकडे बघत राहिली.

"हिला सांजचं दिसत न्हाय व्हय?"

मी पोरीला जवळ ओढलं. "तुला कुणी सांगितलं?"

"माज्या थोरल्याला असंच झालं हुतं. शेरडाचं काळीज भाजून घाला की. आठ दिसांत दिसंल. आमी कापलं की आनून देते."

मी संतापले. वाट्टेल ते बोलले. आमच्या घरात असलं नाव काढायचं नाही, कोणासमोर बोलतेस, कळतं का तुला. ती म्हणाली, "मग ही भाजी तरी घाला. शेरडांना घालताय, पोरीला का न्हाय?"

"श्रावण आहे आमचा."

"पोरीचा बी हाय व्हय?" ती म्हणाली आणि शेरडं हाकत निघून गेली.

मला राग आला होता, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. गुरुवारी मी दोनदा वाफ्यापर्यंत गेले आणि परत आले. आता मध्येच मोडलं तर केलेलं सगळं फुकट जाईल, देव उलटेल, अशी भीती. आणखी दोन दिवस बघू. ह्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, "थोडीशी देऊ या का गं?" मी नुसतं बघितलं. ते विहिरीकडे गेले.

शुक्रवारी तिनं डोळे उघडलेच नाहीत. उजेड लागतो म्हणाली. शनिवारी सकाळी मी तिला मांडीवर घेतलं, दाराकडे पाठ करून पापणी वर केली. उजव्या बुबुळावर पेजेसारखं पांढुरकं पसरलं होतं. काळं कुठे आहे, तेच दिसेना.

कसला श्रावण नि कसलं काय! मी उठले, वाफ्यात जाऊन हाताला येईल ती भाजी ओरबाडली, न निवडता, न धुता चुलीवर घातली, आणि फुंकून फुंकून तिच्या तोंडात कोंबली. ती ओकली. मी पुन्हा भरवली. मग तिला ह्यांच्या हातात देऊन पडीक रानातून धावत सुटले. मला ते काळीज हवं होतं. पाया पडेन, काय म्हणेल ते ऐकेन, पण मला ते हवं होतं. तळाच्या जागी लेंड्या आणि चुलीची राख तेवढी होती. धनगर आदल्या दिवशीच पुढे गेले होते. कुठल्या बाजूला गेले हे सांगायलाही कुणी नव्हतं. मी तिथेच बसून मोठमोठ्यानं रडले, आणि देवाला अशा शिव्या दिल्या की त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं.

दुपारी शेजारच्या मळ्यातला छकडा घेऊन आम्ही सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी पापण्या उघडून बघितलं, पोट दाबून बघितलं, हिला खायला काय काय देता ते विचारून घेतलं. म्हणाले, "उजवा गेला. डावा वाचेल बहुतेक." माशाच्या तेलाची बाटली काढून त्यांनी माझ्यासमोरच चमचाभर तिच्या तोंडात घातलं. पुढे दोन महिने ते तेल मी स्वतःच्या हातानं पाजलं, आणि डावा डोळा खरोखरच वाचला.

बाटलीला बूच लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "दूध नाही, तूप नाही, ते समजलं. पण पालेभाजी? या दिवसांत गल्लोगल्ली मिळते. पालेभाजी कुणी बंद केली हिची?"

मी पदरानं पोरीचं तोंड पुसायला लागले.

"मी," हे म्हणाले. "मी ते निसर्गोपचाराचं पुस्तक आणलं होतं. सगळं माझ्या सांगण्यावरून झालं."

डॉक्टर त्यांना भर दवाखान्यात वाटेल ते बोलले. हे मान खाली घालून उभे होते. घरी येताना मी काही बोलेन, निदान त्यांच्यापाशी तरी बोलेन, असं मला वाटत होतं. नाही बोलले. माझ्यासारखी तोंडाळ बाई! मोठे दीर येऊन ह्यांना "पोरीचा डोळा खाल्लास" म्हणून गेले, माझी आई पाठोपाठ तेच म्हणाली, नातेवाइकांत ह्यांचं नाव खराब व्हायचं ते झालं. मी चहा करून देत राहिले.

मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत कुणीतरी तिला चिडवलं. ती दप्तर फेकून थेट ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुमच्या त्या पुस्तकानं माझा डोळा गेला. सगळे सांगतात."

"हो, बाळ," हे म्हणाले.

मी चुलीपाशी पोळ्या करत होते. आता तरी ते माझ्याकडे बघतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी बघितलं नाही. मी तव्यावरची पोळी उलटली.