एका हाताचा पुडा

डब्याचं झाकण उघडायचं, त्याच्या आतून तर्जनी फिरवायची आणि ते बोट समोरच्याच्या नाकापुढे धरायचं. "हा बग घाम. गरम भरलंस ना? आता दुपारपर्यंत आंबणार हे." बोटावर धड एक थेंबही नसायचा. पण आमच्या वाडीतल्या बोटीवाल्या काकांसमोर तसं बोलायची सोय नव्हती.

तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. निवृत्त झाले आणि रत्नागिरीत आमच्या वाडीच्या टोकाच्या घरात येऊन राहिले. बायको आधीच गेलेली, लेक ठाण्याला. खरं नाव विजेच्या बिलावर असायचं तेवढंच. आम्ही सगळे बोटीवाले काकाच म्हणायचो. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, ज्याच्यावाचून कार्य होत नाही आणि ज्याच्यामुळे ते सुखाने पारही पडत नाही.

आमचं कार्य एकच. दर फेब्रुवारीत, आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी वाडीतली आठही घरं गणेशगुळ्याच्या समुद्रावर जातात. सकाळी भाट्याचा पूल ओलांडायचा, पावस गावावरून खाली उतरायचं, दिवसभर पाण्यात डुंबायचं आणि ऊन कलताना परत फिरायचं. मी कचेरीत कारकून असल्यामुळे मला याद्या चांगल्या करता येतात असा वाडीचा समज आहे, म्हणून सहलीचा सेक्रेटरी मी. म्हणजे गाडी मी ठरवायची, उशीर झाला की बोलणी मी खायची आणि खायला काय न्यायचं ते मात्र काकांनी ठरवायचं.

"समुद्रावर न्यायचं ते आदल्या दिवशीच झालं पायजे," हा त्यांचा पहिला कायदा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधात भिजवलेल्या दशम्या, सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, नाचणीचे लाडू. ओलं खोबरं चालणार नाही, कांदा चालणार नाही. शनिवारी दुपारी तळलेल्या पुऱ्या पडवीत पांढऱ्या पंच्यावर एकेक सुटी मांडायची, एकीचा काठ दुसरीला लागता कामा नये. त्या गार होईपर्यंत काका शेजारी खुर्ची टाकून राखण करणार. पंखा लावू का विचारलं की म्हणायचे, "वातड करायच्यात काय?"

संध्याकाळी पुडे बांधायचे. मोठा डबा उघडून सगळ्यांनी त्यात हात घालणं त्यांना मान्य नव्हतं. माणशी एक पुडा, खाकी कागदाचा, वरून दोऱ्याचा एकच फेरा. बोट हलायला लागली की खलाशांना ताटं मांडून बसता येत नसे, म्हणून ते असे पुडे करून द्यायचे. एका हाताने धरायचा, दातांनी दोरा ओढायचा आणि कागद खाली सरकवत खायचं. "हाताला वाळू लागणारच," ते म्हणायचे. "खाण्याला लागली तर ती बांधणाऱ्याची चूक."

आता मला सांगा, आम्ही समुद्रावर चाललोय की अरबस्तानात?

एका वर्षी माझ्या बायकोने हौसेने कोथिंबिरीच्या वड्या केल्या. काकांनी एक उचलली, दोन बोटांत दाबली, वास घेतला आणि परत ठेवली. "चव चांगली असेल गो. पण उद्या अकराला आंबते बग ही. आज घरीच खा." एकतीस माणसांच्या हिशेबाने केलेल्या वड्या आम्ही दोघं दोन दिवस खात होतो. बायको काकांना एक अक्षर बोलली नाही. जे काय बोलायचं ते ती मला बोलली.

माझं स्वतःचं दुःख वेगळं होतं. गणेशगुळ्याला उतरतो तिथे एक बाई गरम कांदाभजी तळते. तो वास नाकात घेऊन मी पंधरा वर्षं आदल्या दिवशीच्या गार पुऱ्या खाल्ल्या. एकदा पाय मोकळे करून येतो म्हणून हळूच तिकडे गेलो. परत आलो तर काका शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, मिशीला बेसन लागलंय." सगळी वाडी हसली. त्यानंतर मी मिशीच काढली, पण भजी खायला काही पुन्हा गेलो नाही.

सगळ्यात चीड कशाची यायची म्हणाल तर त्यांचं बरोबर असायचं. आमच्या शेजाऱ्यांनी एका वर्षी काकांना चुकवून ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या होत्या. दुपारी बाराला डबा उघडला तर आंबूस वास. काकांनी फक्त त्या घरातल्या चौघांना आणखी एकेक पुडा दिला, म्हणजे ते जास्तीचे चार त्यांनी आधीच बांधून आणले होते! माणूस चुकीचा असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

स्वतः ते शेवटी खायचे. आधी एकेकापाशी जाऊन विचारणार, "दातात वाळू आली काय?" एकतीस वेळा 'नाही' ऐकून झालं की मग सुरूच्या सावलीत बसून आपला पुडा उघडायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा फार बघण्यासारखा असायचा. मी तेवढ्यापुरतं सगळं माफ करून टाकायचो.

चार वर्षांपूर्वी पुऱ्यांत मीठ दुप्पट पडलं. पहिला घास घेतल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गुपचूप पाणी प्यायलो. काकांनीही तीच पुरी खाल्ली आणि त्यांना काहीच कळलं नाही, हे मला जास्त लागलं. पुढच्या वर्षी लाडवांत गूळ नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी शनिवारी दुपारी माझी बायको जळका वास आला म्हणून धावत गेली. आत कढईतलं तेल पेटायच्या बेतात होतं आणि काका बाहेर पडवीत खुर्चीवर बसून राखण करत होते. समोर पंचा नीट अंथरलेला होता. त्यावर एकही पुरी नव्हती.

त्यावरून गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या शेजाऱ्यांच्या ओटीवर बैठक झाली. या वर्षी खाणं बाहेरून मागवायचं, काकांना गॅसपाशी उभं करायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग त्यांना कोण सांगणार, हा प्रश्न आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लेली तोंडं, आणि एकाच्याही तोंडातून चार शब्द निघेनात. मी चिडूनच उठलो.

काका पडवीत पेन्सिल घेऊन यादी करत होते. मला बघून म्हणाले, "बरा आलास. एकतीसच ना? का कोण वाढलंय?"

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. काका, तुम्ही पुष्कळ केलंत, आता आराम करा, असं काहीतरी. त्यांच्या हातातली पेन्सिल बघितली आणि तोंडातून भलतंच निघालं. "काका, या वर्षी सहल रद्द. पोरांच्या परीक्षा आहेत."

"सगळ्यांच्याच?"

"हो, सगळ्यांच्याच."

"बरं," ते म्हणाले. यादीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "परीक्षा पयली. समुद्र काय, तिथंच हाय."

घरी येताना मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली. पण वाडीत सांगितलं तर सगळे खूश. कसं सुचलं बुवा तुला, म्हणाले.

त्या रविवारी आम्ही साडेपाचला निघालो. गाडी वाडीत आणली नाही, हमरस्त्यावर उभी केली. एकेक घर कुलूप लावून, चपला हातात घेऊन, पोरांच्या तोंडावर हात ठेवून निघालं. सत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्याला चुकवायला तीस माणसं चोरासारखी चालली होती. मागे राहिल्या फक्त काकांच्या समोरच्या घरातल्या वहिनी, त्यांचे गुडघे धरले होते म्हणून. त्यांनी काही बोलायचं नाही, असं त्यांना बजावून ठेवलं होतं.

खोटं कशाला सांगू, मागवलेले सामोसे चांगले होते. भजीवाल्या बाईकडे मी दोन प्लेट गरम भजी खाल्ली, सगळ्यांसमोर खाल्ली. पंधरा वर्षं ज्यासाठी तडफडलो ती भजी. तिसरी प्लेट घेतली आणि सगळी कुत्र्याला घातली. दिवसभरात काकांचं नाव कुणी काढलं नाही. जेवणं झाल्यावर मात्र सुरूच्या सावलीची ती जागा मोकळीच होती, पोरंसुद्धा तिथे बसली नाहीत.

संध्याकाळी अंगाखांद्यावर वाळू घेऊन वाडीत शिरलो. पहिल्या घराच्या कडीला एक कापडी पिशवी लटकत होती. दुसऱ्या घरालाही होती. सगळ्या बंद दारांवर एकेक पिशवी, आणि आत घरटी माणसं मोजून खाकी पुडे. दोऱ्याचा एकच फेरा.

वहिनी ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे नीट बघितलंही नाही.

"आठ वाजता आले," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, पोरं अभ्यासाला बसली असतील, मधेमधे तोंडात टाकायला होईल. मी काय बोलणार? तुम्ही माझं तोंड बांधून ठेवलेलं. पयल्या दाराची कडी वाजवलीनी. थांबले. मग दुसऱ्याची. चौथ्या दाराशी कुलपाकडे बघत उभे राहिले बराच वेळ. पुढे कडी वाजवलीच नायनी. नुसत्या पिशव्या अडकवत गेले."

कुलपं उघडून सगळे आपापल्या घरात गेले. मी हातपाय न धुताच पुडा सोडला. पुऱ्यांत मीठ नव्हतं. घालायचंच राहिलं होतं. म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं, आणि हे कळून मला इतका राग आला की तो कुणावर काढावा समजेना. मी त्या चारही पुऱ्या उभ्याने खाल्ल्या. बायकोने मिठाची बरणी पुढे केली, ती मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी काकांकडे गेलो. ते पडवीत दात घासत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात चूळ भरून त्यांनी विचारलं, "समुद्र कसा होता?"

"चांगला होता."

"पोरं भिजली?"

"भिजली."

"मग झालं तर." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. पुसता पुसता म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी नुसता आलो असतो रे."

बैठकीत आम्ही गॅसचा विचार केला, मिठाचा केला, कोण सांगणार याचा केला. त्यांना नुसतं बरोबर घेऊन जावं, हे आठ घरांत एकालाही सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी नक्की, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि कचेरीला उशीर होतोय सांगून निघालो.

मार्चमध्ये त्यांची लेक आली आणि त्यांना ठाण्याला घेऊन गेली. निघाले तेव्हा मी कचेरीत होतो.

यंदा फेब्रुवारीत सहल ठरवायच्या आधी मी ठाण्याला फोन लावला. म्हटलं, जाऊन आणीन त्यांना, हवं तर रजा टाकीन. लेक म्हणाली, बोला, पण त्यांना आता फारसं आठवत नाही, मलाही कधीकधी ताई म्हणतात. तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

"काका, मी सेक्रेटरी बोलतोय. रत्नागिरीहून."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी वाडीचं नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं, वहिनींच्या गुडघ्यांचं सांगितलं. काहीच नाही. मग मी म्हटलं, "गणेशगुळ्याला जायचंय काका. तुम्ही नुसते या. काही करायचं नाही."

लेक फोन काढून घेत होती बहुतेक, तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"झाल्या काय रे पोरांच्या परीक्षा?"

"झाल्या काका," मी म्हणालो.