रात्रपाळीची तारीख

प्रांजली आज तरी नीट जेवली असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. रायपूरच्या होस्टेलवर चार दिवसांपासून ती चहा-बिस्किटांवर आहे.

माझ्या या लेकीचा पहिला शोधनिबंध मागच्या महिन्यात छापून आला. तिचे बाबा स्टील प्लांटमध्ये आहेत. त्यांच्या ओळखीच्या चोवीस कामगारांनी महिनाभर बोटाला टोचून रक्तातली साखर मोजली आणि वहीत लिहिली. मी बीएस्सी झालेली, तरी निबंध वाचताना अंगावर काटा आला. माणूस तोच, डबाही तोच. दुपारी खाल्ला तर साखर लवकर उतरते, मध्यरात्री खाल्ला तर किती तरी वेळ चढलेलीच राहते. यकृतालाही म्हणे स्वतःचं घड्याळ असतं. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, तीस वर्षं यांचा रात्रपाळीचा डबा भरला, पण आत असं काही चालू असेल हे कधी मनात आलं नाही.

मग प्रांजलीलाच त्यात चूक सापडली. प्लांटमध्ये रात्रपाळी ज्या तारखेला सुरू होते, तीच तारीख सकाळपर्यंत चालते. बारा तारखेला रात्री दहाला लागलेल्या पाळीत रात्री दोनला, म्हणजे खरं तर तेराला, मोजलेली साखर कामगारांनी बाराचीच लिहिली. कॉम्प्युटरने ती पाळीच्या वीस तास आधीची धरली. छापणाऱ्यांना कळलं नाही, तिच्या सरांनाही नाही. तिने आपणहून कळवलं: चूक माझी आहे.

"कोणालेच समजलं नव्हतं, तर कावून सांगितलं?" मी फोनवर रागावले.

"आई, उद्या एखादा डॉक्टर हे वाचून कोणाची गोळी बदलेल. मग?"

"बरोबर बोलून राहिली पोरगी," हे मागून म्हणाले. "आमच्या लॉगबुकात खोडरबर नाही चालत. तुह्या वाणसामानाच्या यादीत चालते!"

मी फोन ठेवला. वह्या कॉम्प्युटरवर मीच उतरवल्या होत्या. पहिल्या काही वह्यांतल्या रात्रीच्या तारखा मला चुकीच्या वाटल्या, म्हणून न विचारता एक दिवस पुढे केल्या. नंतर कंटाळून बाकीच्या तशाच ठेवल्या. प्रांजली आता रात्रीच्या सगळ्याच नोंदी एक दिवस पुढे सरकवते आहे. परवा ही दुरुस्ती छापणाऱ्यांकडे गेली, की मी आधीच पुढे केलेल्या तारखा दोनदा सरकून पुन्हा चुकेल, आणि पुन्हा तिच्याच नावावर.

कुठल्या वह्या, ते मला आठवत नाही. पण चोवीसही वह्या दिवाणात आहेत. सकाळच्या गाडीने नेता येतील.

ती जागीच असेल. लावतेच फोन. आधी वह्यांचं सांगते, जेवणाचं मग विचारते.