काकांची पूर्वजमंडळी

भिलाईत कोणाचा पणजोबा हरवला, तर तो आमच्या शेजारच्या काकांकडे हमखास सापडायचा. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं वांगी-टोमॅटो लावतात, गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात. काकांनी पूर्वज जमवायला घेतले. नोकरी ड्रॉइंग ऑफिसातली, त्यामुळे सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीवरचा वंशवृक्ष नवख्याला भट्टीची पाइपलाइन वाटे. मूळपुरुष वर टाकीत, त्यातून मुलं-नातवंडं खाली वाहत आलेली, आणि जो निपुत्रिक गेला त्याच्यापुढे व्हॉल्व्ह बंद.

लग्नाला गेले की नवरानवरीकडे त्यांचं लक्षच नसे. "तुमचं मूळ गाव कोनतं जी?" वरण वाढून घेताघेता ते शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत. एकदा पंगतीत त्यांनी चक्क वरबापालाच लांबचा चुलतभाऊ ठरवलं. आम्ही मुलीकडून गेलो होतो. काका परतले ते मुलाकडचे होऊन.

दुपारी कडुनिंबाच्या सावलीत खाटेवर पडून ते गेलेल्यांविषयी असं बोलत, की ती माणसं जणू दुर्गच्या बाजारात गेली आहेत आणि ऊन उतरलं की पिशव्या घेऊन परततील. ऐकता ऐकता मला पेंग येई, आणि त्या पेंगेत ती खरंच येऊन बसत. मला ते फार आवडायचं.

काकांना सलत होती ती एकच गोष्ट. आईचं माहेरचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. रीतीप्रमाणे लग्नात ते बदलून सरस्वती ठेवलेलं, आणि काका लहान असतानाच ती गेली. "सात पिढ्यातल्या बापायचे नावं मालूम हायेत मले, अन् मायचंच नाही," ते म्हणत. चौकशी मात्र करत ती भावकीतल्या पुरुषांकडे. शेवटी काकूच वैतागल्या. "अवो, त्यायले काय विचारून राहिले? दुर्गच्या मावशीले विचारा ना!"

ही मावशी म्हणजे आईची मामेबहीण, नव्वदीला टेकलेली. दर दिवाळीला काका तिच्या पाया पडत, चिवडा खात आणि परत येत. ती त्यांच्या कुळातली नव्हती, म्हणून तिला विचारावं हे सुचलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. मावशी अंगणात ऊन खात बसली होती. प्रश्न ऐकून हसली.

"बकुळा. मले आजवर कोनी विचारलंच नाही बाप्पा. लई वांड होती थे. झाडावर चढून बसे, अन् आमाले वरून हाका मारे."

आम्ही परत निघालो. घरापाशी पोचलो तेव्हा कारखान्याच्या अंगाचं आभाळ तांबूस झालं होतं. ते उतरले, पण फाटक काही उघडेनात.

"मायले नावानं हाक कशी मारू मी?" ते म्हणाले. "तू मार ना एक डाव. जोरानं."

भर रस्त्यात उभं राहून मी हाक मारली, "बकुळा!"

काका मान जराशी कलती करून उभे राहिले, कोणी ओ देतंय का ते ऐकत.