अर्धं झाकलेलं भिंग

कास्मीरअंकलनी पहिल्याच भेटीत मला पेटवून दिलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी पेपर वाचत बसलो होतो, आणि फोटोतल्या एका पुढाऱ्याच्या मिशीतून अचानक धूर निघायला लागला. मिशी गेली, भाषण गेलं, माझ्या भुवया आणि निम्मं दादर धोक्यात आलं, तेव्हा कुठे मी पेपर झटकला. मागून गर्जना झाली.

"हलवतोस कशाला मॅन? ठिपका आत्ता बारीक झाला होता! अंतर मोजायचं राहिलं ना!"

वळून पाहिलं, तर एका हातात लाडवाएवढं भिंग, दुसऱ्या हातात पट्टी आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दल घोर निराशा.

कास्मीर परेरा एकतीस वर्षं एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्तीला शाळेने शाल दिली. भिंग त्यांनी मागून घेतलं. शालीवर त्यांची बायको, फिलोमिनाआंटी, आता इस्त्री करतात. अंकलना राग यायला कारण लागत नसे. आरशात उजव्याचं डावं का होतं, यावरून सलूनवाल्याशी भांडून ते एकदा अर्धीच दाढी घेऊन घरी आले होते. आम्ही सगळे त्यांच्या रागाला हसायचो. गेल्या वर्षीच्या रागाला मात्र हसता आलं नाही.

त्यांच्या खालच्या मजल्यावरची आकांक्षा दहावीत होती. क्लासच्या चाचणीत प्रश्न आला: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमा कशी मिळेल? तिने लिहिलं, 'पूर्ण, पण अंधुक'. अंकलच्या भिंतीवर तिने ते स्वतः करून पाहिलं होतं. सरांनी लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'अर्धी'.

"तू बघितलंस ना?" अंकलनी विचारलं.

"बघितलं, अंकल. पण सर अर्धी म्हणतात. मीच नीट बघितलं नसेल."

या वाक्याने अंकलचं डोकं फिरलं. "दोन मार्क गेले, खड्ड्यात गेले! पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षीदार म्हणून मला ओढत ते क्लासमध्ये घुसले. शंतनु सर तिशीतले, सज्जन गृहस्थ. अंकलनी दिवे घालवले, एक सोडून सगळे पडदे ओढले आणि त्या उघड्या खिडकीसमोर पांढरा फळा आणून भिंग धरलं. फळ्यावर समोरची इमारत उतरली, रंगीत आणि उलटी. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई डोकं खाली, पाय वर करून चादर वाळत घालत होती. वर्ग फिदीफिदी हसला.

अंकलनी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने अर्धं भिंग झाकलं. चित्र फिकं झालं, बस.

"बाई आहे?"

"आहे!"

"मजले मोजा!"

"सात!"

"वरच्या टोकाचा प्रकाश सगळ्या भिंगावर पडतो, खालच्या टोकाचाही सगळ्या भिंगावर. अर्धं झाकलं, तर उरलेलं अर्धं भिंग अख्खं चित्र काढतं. प्रकाश कमी, म्हणून फिकं. कळलं?"

शंतनु सरांनी भिंग हातात घेतलं, स्वतः झाकून पाहिलं, पुन्हा झाकून पाहिलं. "बरोबर आहे, अंकल. मी हे कधी करून बघितलंच नव्हतं. आकांक्षाला मार्क देतो."

"आणि बाकीच्यांना?"

"नोट्स छापून झाल्यात. साडेतीनशे मुलांनी 'अर्धी' पाठ केलंय. आता बदललं तर गोंधळतील."

"गोंधळू दे! एकदा तरी गोंधळू दे!" अंकलचा आवाज फाटला. "भिंग काय तुझ्या नोट्स वाचून काम करतं? डोळ्यांसमोर आहे ते खोटं आणि छापलंय ते खरं, हे शिकवायला क्लास कशाला काढलास?"

 सरांनी दिवे लावले. फळ्यावरची इमारत गेली आणि पुढचा धडा सुरू झाला. जिन्यात अंकल पायरीवर बसले. भिंग रुमालात नीट गुंडाळत होते. आकांक्षा वर्गातच थांबली होती. धडा बुडवून चालणार नव्हतं.

तिला ते दोन मार्क मिळाले. जानेवारीत क्लासच्या सराव परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला. तिने 'अर्धी' लिहिलं. दोनपैकी दोन पडले.