निघालेल्याला विचारू नये

आमच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारत नाहीत. ही सासूबाईंची शिकवण. कोणी पायात चप्पल सरकवली की तोंड मिटून घ्यायचं, कारण विचारलं तर काम फिसकटतं. फारच राहवलं नाही तर 'लांब जायचंय का' असं आडून विचारायचं. आणि एखाद्यानं विचारलंच, तर निघालेल्यानं परत घरात यायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मग नव्यानं निघायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. माहेरी आमची आई जिना उतरेपर्यंत चौकशी करायची, आणि आमची कामं व्हायची तशी होतच होती.

पुढे माझे धाकटे दीर गेले. ते आमच्याच सोसायटीत, सिल्व्हर पार्कात, समोरच्या विंगमध्ये राहायचे. मित्राच्या मुलीच्या लग्नाला गाडीनं एकटेच नाशिकला निघाले होते. आमचे हे बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. खाली भाऊ डिकीत बॅग ठेवताना दिसला आणि यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "काय रे, कुठे?" कसारा घाट चढून गेल्यावर दीर चहाला थांबले, तिथेच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आजार जुना होता, घरी बसल्याबसल्याही झालं असतं. यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मात्र मला म्हणाले, "मी विचारलं त्याला."

मी समजावलं, रागावले, सासूबाईंच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनाही दोन शब्द सुनावले. सगळी गाढवापुढे वाचलेली गीता. हे बोलेनासे झाले. रिटायर झालेला माणूस, ऑफिसची तरी सुटका नव्हती. दिवसभर बाल्कनीकडे पाठ करून बसायचे, कुंड्या वाळून गेल्या, जेवण चिमणीएवढं. मी घाबरले होते. एक भाऊ गेलाच होता, दुसरा बसल्या जागी चालला होता आणि मला ते दिसत होतं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, यांना चालवा. रोज, लांब, पण पळवू नका. मी लगेच यांच्यासाठी बूट आणले. आता खरी मौज सुरू झाली. मीरा रोडच्या सोसायटीतून कोणी न विचारता बाहेर पडणं हे चंद्रावर जाण्याहून अवघड आहे. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन प्रेमानं विचारायच्या, "सुबह सुबह कहाँ, भाईसाब?" की हे तिथूनच परत वर. पाणी पिऊन, टेकून पुन्हा खाली आलो की गेटवर वॉचमन, "किधर, अंकल?" पुन्हा वर. एकदा वर-खाली करण्यातच आमचं फिरणं आटोपलं. मी घरोघर जाऊन सांगितलं, कृपा करा, यांना काही विचारू नका. त्याचा परिणाम असा, की बेन लिफ्टमध्ये तोंडावर पदर धरून आमच्याकडे बघत उभ्या राहायच्या, आणि ते विचारण्याहून वाईट होतं.

शेवटी मी मागचं गेट शोधलं. उजाडताना तिथून निघायचं, भाईंदर स्टेशन गाठायचं, पश्चिमेकडून उत्तनची बस पकडायची आणि राई-मोर्व्याच्या आसपास कुठेतरी उतरायचं. तिथून पुढे रस्ता नेईल तसं चालायचं. तिकडे आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून विचारणारंही कुणी नव्हतं.

पहिले काही दिवस मीच बिघडवले. माझी चाल म्हणजे भाजीबाजार बंद व्हायच्या आत पोचायचंय अशी. मी पुढे जाऊन थांबायची, मागे वळून बघायची, हे आपले मागून येतायत. जीव नुसता वैतागायचा. एकदा मी चिडून म्हणाले, अहो, असं चालून काय उपयोग, अंगाला घामसुद्धा येत नाही. त्यावर हे एका बांधावर बसले आणि खाडीकडे बघत राहिले. मग मीही बसले. करणार काय?

बसले तेव्हा दिसलं. भरती ओसरत होती. तिवरांच्या मुळांतला चिखल उघडा पडत होता आणि त्यात बोटाएवढे मासे चक्क चालत होते. पलीकडे मिठागरांत पांढऱ्या बगळ्यांची रांग होती, सगळे एकाच दिशेला तोंड करून. पंचवीस-तीस वर्षं या गावात राहून मला भाईंदरची खाडी फक्त पुलावरून, तीही नाक दाबून ठाऊक. त्या दिवशी आम्ही उन्हं अंगावर येईपर्यंत बसलो. परत आल्यावर यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. काही गोष्टींना दृष्ट लागते, यावर माझाही विश्वास आहेच.

थंडी येईपर्यंत मला हळू चालता यायला लागलं. हे सोपं नाही, सांगून ठेवते. आधी पाय ऐकत नाहीत, मग डोकं ऐकत नाही. गॅस बंद केला का, कामवाली येऊन गेली असेल का, असलं सगळं पायांबरोबर चालत असतं. मग केव्हातरी ते मागे पडतं आणि नुसता रस्ता उरतो. डोंगरी गावाच्या चढावर ताडाची झाडं आहेत, रस्त्याकडेला जागोजागी चुन्यानं रंगवलेले क्रूस, त्यांच्यावर ताजे झेंडूचे हार. कापणी झालेल्या शेतात म्हशी. चढ संपला की वारा बदलतो, खारट होतो. हे तिथे दर वेळी थांबायचे आणि डोळे मिटायचे. मीही मिटायची. तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटायची नाही. भावाबद्दल मात्र हे अजूनही बोलत नव्हते. घरात कुणी त्याचं नाव काढलं की उठून जायचे.

माघातल्या एका सकाळी आम्ही चालत चालत उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत गेलो. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बांबूच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते. वास असा, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक कोळीण मावशी पाटी रिकामी करत होती. आम्ही मांडवांमधून वाट काढत पुढे निघालो, तेवढ्यात तिनं मान वर करून विचारलं, "कुठं चाललाव?"

झालं. हे जागच्या जागी थिजले. परत जाऊन पाणी प्यायला घर काही मागे नव्हतं, ते राहिलं भाईंदरच्या पलीकडे. मला वाटलं, एवढ्या महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं. मी घाईघाईनं म्हणाले, कुठे नाही हो, असेच फिरतोय. त्यावर ती सहज म्हणाली, "कुठं जायाचं न्हाय ना? मंग बसा." पायानं एक उलटी पाटी आमच्याकडे ढकलली आणि पुन्हा कामाला लागली.

हे बसले. मी शेजारी वाळूत बसले. कितीतरी वेळ हे तिच्या हातांकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो हसला होता गं."

मी वाळूत आणखी जवळ सरकले.

"मी विचारलं, कुठे. तर वर बघून हसला आणि म्हणाला, नाशिकला, येतोस का? चल, बस गाडीत." यांनी बुटावरची वाळू झटकली. "मी काय विचारलं तेच घेऊन बसलो होतो. तो काय म्हणाला ते विसरूनच गेलो."

मग हे भावाबद्दल बोलत राहिले. गाडीत गाणी किती मोठ्यानं लावायचा, लग्नांत पहिल्या पंगतीला कसा बसायचा. मी ऐकत होते. माझ्या लग्नात दीर हाफपँटमध्ये होते, माझ्या हातचं जेवून मोठे झाले. ते गेल्यापासून मी यांच्याच मागे होते, माझं रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या वाळूत बसून आलं आणि थांबेना. हे बोलायचे थांबले, माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. वर रस्त्यावर भाईंदरला परत जाणारी बस लागली होती, ती निघून गेली. मग मागची आली, तीही गेली.