गंगारामच्या गाडीची नळी

गंगाराम गेला हे सांगायला हिंदमाता थेटराजवळचा शिंपी आला, तेव्हा मी त्याला हाकलून दिलं. खरंच दिलं. स्टोव्हवर भात टाकला होता. मी म्हटलं, बाबा, दुसरा कोणी गंगाराम असेल, आमचा तर आत्ताच इथून चहा पिऊन गेला, त्याचा कप अजून विसळला नाही मी. शिंपी दारातच उभा. म्हणाला, त्यांनी मशीन उघडून तेल घातलं, पायाने चालवून बघितलं, ‘आता चाललं’ म्हणाले आणि तसंच मशीनवर डोकं टेकलं. चाक म्हणे त्यानंतरही दोन-तीनदा फिरलं... आज पाच आठवडे झाले, ते चाक माझ्या डोक्यात अजून फिरतंय. बावन्न वर्षांचा माणूस. मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, छातीत घरघर, गुडघे गेलेले, बायको वर गेलेली. रांगेत पुढे मी होतो. हा मध्येच घुसला कसा, मला अजून समजत नाही.

गंगाराम मूळचा मालवणकडचा. लालबागला आमच्याच चाळीत राहायचा, तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या मोटरसायकली मोडीत काढल्या, त्यातली एक त्याने उचलली, बाजूला साइडकार असलेली. साइडकारची बैठक काढून तिथे मशीन ठेवायचा आणि दादर, परळ, पार गिरगावात फणसवाडीपर्यंत शिंप्यांच्या दुकानांतून फिरायचा. मी गिरणीत फिटर. वाफेच्या नळ्या बसवायच्या, गळती काढायची, तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे त्याच्या गाडीला मी कायम नावं ठेवायचो. म्हणायचो, तू सुईदोरेवाला, तुला इंजिन काय कळणार? तो हसून म्हणायचा, ‘दादा, तुमची गिरणी भोंगा वाजवल्याशिवाय चालत नाही. माझं मशीन बघा, बाजूला पोर झोपलेलं असलं तरी उठत नाही.’

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली त्या वर्षी आमची ही आजारी पडली. क्षय. दवाखाना लोअर परळला, पुलापलीकडे. एक दिवसाआड सुई टोचून घ्यायची, आणि डॉक्टरने मला बाजूला घेऊन बजावलं होतं की मध्ये खंड पडला तर औषध पुढे लागूच होणार नाही. ट्राम कधी चालू, कधी बंद. आज हरताळ, उद्या मोर्चा. चालत न्यावं तर ही पुलाच्या चढावर तीनदा खाली बसायची. गंगारामने एका सकाळी साइडकारमधलं मशीन उतरवलं, आत गोधडी घातली आणि म्हणाला, वहिनी, बसा. ही लाजली. परक्या माणसाच्या फटफटीवर बसून लालबागमधून जायचं म्हणजे काय. पण बसली. चाळीतल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. ही त्यांना ओरडून सांगत होती, मी राणीच्या बागेत चालले म्हणून.

गाडी मात्र दमायची. सायलेन्सर काजळीने भरलेला, नळी गंजलेली. पुलाच्या चढावर ती अशी धापा टाकायची की मागचा बैलगाडीवाला पुढे निघून जायचा. मला बघवेना. एक दिवस गंगाराम ट्रामने फणसवाडीला गेला होता, गाडी अंगणात होती, आणि मला गिरणीत पाळी नव्हती. मी हत्यारं काढली. सायलेन्सर खोलला, आतून पत्र्याच्या चकत्या आणि भोकाभोकाची एक नळी निघाली. मला वाटलं, इथेच तर अडतंय सगळं. वाफेला वाट मोकळी पाहिजे हे मी गिरणीत पहिल्या दिवशी शिकलो होतो. मधे अडथळा आला की जोर गेला. मी सगळं आतलं उपटून काढलं. जुनी नळीही फेकली, गिरणीतला एक आखूड, रुंद तुकडा आणून बसवला. संध्याकाळी किक मारली तर काय तो आवाज! सगळी चाळ खाली आली. मला वाटलं, आता खरी ताकद आली. गंगाराम परत आला, वाकून बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘दादा, ही वाफ नाही हो.’ मी म्हटलं, तू उद्या चढावर बघ.

दुसऱ्या दिवशी ही साइडकारमध्ये बसली आणि चढावर गाडी आणखीनच मेली. आवाज आकाशाएवढा आणि ओढ काही नाही. मी दुसऱ्या कोणाच्या सायकलवर मागे होतो. कशीबशी पुलावर चढली, उतार लागला, गंगारामने वेगाची मूठ सोडली आणि सायलेन्सरमधून धाड... धाड... दोनदा. माझ्या जोडाला फट राहिली होती. नुसती हवा आत शिरून बार निघाला, पण पुलावरची माणसं कठड्याला चिकटली. गोळीबाराचे दिवस मागे पडून फार काळ झाला नव्हता. आणि आमच्या हिने त्या दिवसांत गॅलरीतून शेजारच्या चाळीतला मुलगा गोळी लागून नळावर पडताना बघितला होता. बादली भरत होता. मी सायकल टाकून धावत पोचलो तोवर ती साइडकारमधून बाहेर पडून रस्त्यात बसली होती, दोन्ही कान दाबून. तिला उचलायला गेलो तर माझ्या हातावर मारायला लागली. ओळखेना मला.

त्या दिवशी सुई झाली नाही. घरी आल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, मी मरेन पण त्या गाडीत बसणार नाही. गंगाराम दारात उभा होता, मी आत. तिने विचारलं, कोणी केलं हे गाडीला? तिला माझ्यावर भरवसा होता, माझ्या हातावर भरवसा होता, तेवढ्यावर ती दवाखान्याला जात होती... गंगारामने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, ‘वहिनी, चूक माझी. मीच नळीत हात घातला.’ मी तिथेच होतो. गप्प बसलो.

दुसरी सुई चुकली. तिसरी चुकली. ट्रामने नेतो म्हटलं तर खोलीबाहेर यायला तयार नाही. रस्त्यावर काही वाजलं की अंगावर चादर ओढायची. गंगारामने धंदा बंद ठेवला. कुठून तरी बारीक आणि पहिल्यापेक्षा लांब नळी आणली. ती वाळूने ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, तापवून वाकवायची, म्हणजे चेपत नाही, हे काम माझं. मी वाकवली. तो वाळू तव्यावर भाजून देत होता, कारण ओली राहिली तर नळी फुटते. त्याची बायको ओरडली, त्या तव्यावर आता भाकऱ्या कोण खाणार. पण पुढचं काम त्याचं होतं. सायलेन्सरमध्ये भोकाची नळी परत घातली, भोकं किती आणि केवढी ते तो करून बघत होता. इंजिनजवळचा जोड तांब्याची कडी घालून असा बसवला की बिडीचा धूरही आत जाऊ नये. कार्बोरेटरला हात लावला. मग साइडकारमध्ये दोन मशीनं टाकायची, पुलावर जायचं, परत यायचं, खोलायचं, घासायचं, परत जायचं. मी म्हटलं, आवाज कमी केलास, आता ताकद जाईल. तो म्हणाला, ‘दादा, ओरडणारा माणूस ताकदवान असतो का?’ ते मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं. आणि गाडी दोन मशीनं घेऊन, गिअर न बदलता, चढ चढून गेली. मी कडेला उभा राहून बघितलं.

पण हिला कोण सांगणार. गंगारामने सांगितलंच नाही. एका दुपारी ही भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती. दारात गंगाराम. ही म्हणाली, ‘भावोजी, तुम्ही कधी आलात? चालत आलात?’ तो म्हणाला, गाडीवरून आलो, तुमच्या खिडकीखालून. तिला पटेना, आवाज तर कसलाच आला नव्हता. उठली, गॅलरीत गेली. गाडी खाली चालूच होती. बराच वेळ बघत राहिली. मग आत येऊन पातळ बदललं.

सगळ्या सुया पुऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, नशीब, उशीर झाला नाही. त्यानंतर ती दोन वर्षं चांगली जगली, चालती-फिरती, भांडती. गेल्या साली गेली ती वेगळ्याच दुखण्याने. पण त्या दोन वर्षांत गंगारामचं नाव तिने ‘फटाकेवाले भावोजी’ पाडलं होतं. दिवाळीत त्याला फराळ द्यायची आणि म्हणायची, आमच्या हातात फुलबाज्याही देऊ नका हो, तुमचा भरवसा नाही. चाळीने ते उचललं. पोरं म्हणायची, दुकानदार म्हणायचे. तो हसायचा. मी एकदा जिन्यात त्याला धरलं, म्हटलं, आज सांगतो तिला. तर म्हणाला, ‘जाऊंदे दादा. आता ता काय काढता? वहिनी हसतात ना.’ मी लगेच ऐकलं. एरवी त्याचं एक अक्षर ऐकायचो नाही, हे मात्र लगेच ऐकलं.

राज्य झालं, रोषणाई झाली, आणि थोड्याच दिवसांत हा गेला. तेराव्यानंतर सुलोचना वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला बोलावलं. गाडी उभी राहून खराब होईल, एकदा चालू करून बघा म्हणाल्या. मी अंगणात गेलो आणि किक मारायच्या आधी त्यांना सगळं सांगितलं. पुलावर काय झालं, कोणी केलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, मीसुद्धा त्यांना फटाकेवाला म्हणत होते. भांडण झालं की हेच काढायचे.’ म्हणून हे छापून सांगतो. लालबागमध्ये ज्यांनी ज्यांनी त्याला ते नाव ठेवलं, त्यांनी ऐकावं. नळी मी बिघडवली. त्याने नीट केली.

तिसऱ्या किकेला गाडी लागली. नळावर बायका होत्या, एकीनेही मान वर केली नाही. गाडी चालू झाली की गंगाराम रोज खाली वाकून सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरायचा, धुराचे झटके एकसारखे येतात का बघायला. मीही धरला. ऊब आली, एकसारखी, कुठे खंड नाही. वहिनी पायरीवरून उतरल्या, माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा तिथे धरला. बराच वेळ झाला. मी म्हटलं, वहिनी, पेट्रोल जळतंय.

म्हणाल्या, ‘जळू द्या.’