मामावर अडकलेला फोकस

मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या कॅमेऱ्यानं नवरीच्या मामाला धरलं. नवरा-नवरी धूसर, त्यांच्यामागे उभा मामा मात्र मिशीसकट लख्ख. मी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा मामाच.

लग्न मंद्रूपला होतं, भर दुपारचं. माझा सोलापुरात फोटो स्टुडिओ आहे. अर्धं आयुष्य मांडवातच गेलंय. नवरीचे वडील महादेवअण्णा यांनी ऑर्डर देतानाच बजावलं होतं, "बाकीचे फोटू कमीजास्त झाले तर चालतंय सर. पर अंतरपाट पडताना पोरीचं तोंड पायजे. थोरलीच्या टायमाला पावण्याचा मोबाइल मधी आला. त्यो फोटूच न्हाय आमच्याकडं." आणि लगेच, "कॅमेरा मिररलेस हाय न्हवं?"

हल्ली सगळे हेच विचारतात. म्हणून तर मी चांगला चालणारा जुना कॅमेरा एक्स्चेंजमध्ये देऊन फुल फ्रेम मिररलेस घेतला. मिररलेस म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला. डोळा लावला की आत एक छोटा टीव्हीच दिसतो. फुल फ्रेम म्हणजे सेन्सर मोठा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. त्यानं माणूस स्पष्ट येतो आणि मागचं सगळं विरघळतं. आरसा काढला तर किंमत उतरायला हवी होती. ती वाढली. वर चार्जर वेगळा, जुन्या लेन्स बसवायचा अडॅप्टर वेगळा. चांगल्या लेन्सची किंमत ऐकून मी पाणी मागितलं आणि सोबतची साधी लेन्स घेऊन घरी आलो.

या कॅमेऱ्याचं मोठं कौतुक म्हणजे आय डिटेक्ट. तो माणसाचा डोळा शोधतो आणि फोकस तिथंच ठेवतो. एका बारशात मस्त चाललं होतं. पण बारशात मुंडावळ्या नसतात. नवरा-नवरी समोरासमोर उभे राहिले आणि आपण बाजूनं पाहिलं, की मुंडावळ्यांच्या लडी नेमक्या डोळ्यावर येतात. कॅमेरा बिचारा मोकळा डोळा शोधत मागे जातो. मागे मामा असतोच. हा कॅमेरा ज्यानं बनवला तो आपल्याकडे कधी अक्षता टाकायला आलेला नसणार.

उपाय सोपा होता. ऑटो बंद करायचं आणि हातानं फोकस करायचं. जुन्या लेन्सवर त्यासाठी स्विच असायचा, अंगठ्यानं सरकवला की झालं. माझा अंगठा लेन्सवर फिरला. स्विच नव्हता. दुकानदाराचं वाक्य तेव्हा आठवलं, "स्विच वरच्या किमतीच्या लेन्सला येतो सर." मला इतका राग आला, की काय सांगू. एवढे हप्ते भरायचे आणि साध्या स्विचसाठी मेनूत शिरायचं!

मेनू उघडला. मांडवाच्या फटीतून ऊन थेट स्क्रीनवर. काही दिसेना. पानामागून पान. ब्लूटूथ सापडलं, भाषा सापडली, फोकस काही सापडेना. तिकडे गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकाला आले.

शेजारीच नवरीची आत्या, शांताआत्या, तोंड फुगवून उभ्या होत्या. त्यांना स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायचं होतं. मुहूर्त टळेल म्हणून गुरुजींनी नकार दिला होता.

"आत्या, म्हणा की तुमचं," मी कुजबुजलो.

"भटजी न्हाय म्हणत्यात."

मी जोरात ओरडलो, "गुरुजी, आत्याचं एक राहिलंय!" गुरुजींनी डोळे वटारले. तोवर माईक आत्यांच्या हातात होता.

आत्या सुरात नव्हत्या, पण दम दांडगा. वेळापूरचे व्याही झाले, कुर्डुवाडीचे रेल्वेतले जावई झाले, एकही नाव सुटलं नाही. पाहुणे चुळबुळ करू लागले. मी शेजारच्या पाहुण्याचं उपरणं कॅमेऱ्यावर धरून मान आत घातली. आत्या 'सावधान'पाशी पोचल्या तेव्हा मला मॅन्युअल सापडलं. अंतरपाट पडला. मी लेन्सची रिंग फिरवली आणि बटण दाबून धरलं. नवरीनं वर पाहिलं, किंचित हसली. मिळालं.

अल्बम द्यायला मंद्रूपला गेलो. महादेवअण्णा त्या फोटोवरून हात फिरवत कितीतरी वेळ बसले. आत्यांनी मात्र अल्बम पुढून मागे आणि मागून पुढे चाळला.

"माजा मंगलाष्टक म्हणतानाचा फोटू कुटं हाय?"

मला लाज वाटली. ज्या बाईनं वाचवलं तिचाच फोटो नव्हता. "आत्या, तेव्हा माझी मान खाली होती. मेनू बघत होतो."

आत्यांनी अल्बम मिटला. "मी हितं जीव तोडून म्हणत हुते, आन तू जेवायचा मेनू बगत हुतास व्हय रं?"

महादेवअण्णा हसून हसून खोकायला लागले. मी कॅमेऱ्याचा मेनू समजावू लागलो, तसे ते जास्तच हसले. शेवटी आत्यांना अंगणात उभं केलं. त्यांनी पदर सारखा केला आणि मंगलाष्टक पहिल्या नावापासून सुरू केलं. कॅमेऱ्यानं क्षणात डोळा धरला. एकदम स्पष्ट फोटो. पण आत्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. अजून कुर्डुवाडी यायची होती.

नवीन कॅमेरा घेणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला आहे. दुकानात ट्रायल घेताना दुकानदाराच्या कपाळाला मुंडावळ्या बांधा.